कोलारचं सोनं कुणी काढलं?

14 एप्रिल 2022. सकाळी अमरावतीच्या इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन केलं, दुपारी रॅलीत नाचलो, आणि रात्री आम्ही आठ-दहा जण निळ्या टोप्या खिशात घालून 'केजीएफ'चा दुसरा भाग बघायला गेलो. त्याच दिवशी तो प्रदर्शित झाला होता. हिरो हातोडा घेऊन पडद्यावर आला तेव्हा आम्हीही शिट्ट्या मारल्या. खोटं कशाला सांगायचं?

सिनेमा सुटल्यावर चहाच्या टपरीवर अकोल्याच्या आमच्या एका मित्राने विचारलं, "त्या खाणीत जे हजारो लोक दाखवले, काळे, मळके, मुके, ते खरे कोण होते माहीत आहे का?" कुणालाच माहीत नव्हतं. एकाला तर कोलारची खाण ही सिनेमावाल्यांनी रचलेली गोष्ट वाटत होती. मित्र बंगळुरूत दोन वर्षं शिकून आला होता. तो म्हणाला, "आपलेच होते. आणि आपल्या आधी बौद्ध झाले होते."

त्या वाक्याने आमची झोप उडाली. ज्या चळवळीत आम्ही वाढलो तिथे धम्माचा इतिहास 14 ऑक्टोबर 1956 ला सुरू होतो. त्याआधी सम्राट अशोक, आणि मधली दोन हजार वर्षं रिकामी. भाषणं अशीच होतात, वक्तृत्व स्पर्धेतही पोरं असंच बोलतात. मग हे खाणीतले बौद्ध कुठून आले?

पुढची दोन वर्षं मिळेल ते वाचलं. जी. अलॉयसियस यांचं तमिळ बौद्धांवरचं पुस्तक, जानकी नायर यांचं म्हैसूरच्या कामगारांवरचं पुस्तक, दोन्ही इंग्रजीत. आमच्यापैकी निम्म्यांना इंग्रजी वाचताना घाम फुटतो. म्हणून दर रविवारी विहारात बसून एक जण वाचायचा आणि बाकीचे अर्थ लावायचे. शेवटी 2024 च्या डिसेंबरात, चैत्यभूमीवरून परत आल्यावर आठवड्याभराने, आम्ही पाच जण निघालो. तीन अमरावतीचे, दोन अकोल्याचे. नागपूरहून बंगळुरूची जी गाडी मिळाली तिचं नाव संघमित्रा एक्स्प्रेस. अशोकाच्या मुलीच्या नावाच्या गाडीत जनरलच्या डब्याच्या दारात बसून आम्ही दक्षिणेत गेलो, याचं आम्हाला उगाच फार अप्रूप वाटलं.

बंगळुरूहून मारिकुप्पमला जाणारी पॅसेंजर सकाळी जवळपास रिकामी असते. समोरून येणाऱ्या गाड्या मात्र खच्चून भरलेल्या. दाराला लोंबकळणारी माणसं, खिडकीत डबे, ओळखपत्राच्या पट्ट्या गळ्यात. खाण बंद झाल्यापासून केजीएफचे हजारो लोक रोज पहाटे उठून बंगळुरूला कामाला जातात आणि रात्री परततात. वॉचमन, नर्स, कॉल सेंटरची पोरं, हाउसकीपिंगच्या बाया. ज्या गावाने एकेकाळी तीन जिल्ह्यांतून माणसं ओढून घेतली, ते गाव आता रोज सकाळी ओस पडतं.

बंगारपेटला मुख्य लाइन सुटते आणि फाटा लागतो. कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन, मारिकुप्पम, अशी चार-पाच छोटी स्टेशनं. हा फाटा 1890 च्या दशकात केवळ खाणींसाठी टाकला. आपल्या मूर्तिजापूरची शकुंतला आठवा. तीही इंग्रज कंपनीने कापूस न्यायला टाकली होती. रूळ कुठे जातात ते बघितलं की मालक कुठे बसला आहे ते कळतं.

आधी तिथल्या जमिनीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण आम्ही वऱ्हाडी माणसं, आमची नजर आधी मातीवर जाते. तिकडची माती लाल. मोठी नदी नाही. पालार नदी जिल्ह्यातून जाते, पण वर्षातले बरेच महिने ती वाळूचीच. म्हणून जुन्या काळापासून तळी बांधलेली. शेतात नाचणी, टोमॅटो, रेशमासाठी तुती. मधूनमधून ग्रॅनाइटचे गोटे असे रचलेले, जणू कुणी बैलगाडीतून ओतून गेलं. आणि निलगिरीची झाडं, जिकडे पाहावं तिकडे, सरळसोट आणि सावली न देणारी.

या लाल मुलखात उत्तर-दक्षिण पसरलेला काळपट खडकाचा एक पट्टा आहे. सुमारे ऐंशी किलोमीटर लांब आणि जेमतेम चार-सहा किलोमीटर रुंद. हा खडक अडीच अब्ज वर्षांहून जुना, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. पुढे तो जमिनीच्या पोटात भाजला, दाबला, भेगाळला, आणि त्या भेगांत पांढऱ्या गारेच्या शिरांबरोबर सोनं साचलं. आमच्यातला एक जण भूगोलाचा मास्तर आहे. तो म्हणाला, आपली काळी माती पण लाव्ह्याचीच. सह्याद्री-सातपुड्यात पसरलेला बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांचा, तो झिजून कपाशीची जमीन झाली. म्हणजे तिकडचं पिवळं सोनं लाव्ह्यातलं आणि आपलं पांढरं सोनंही लाव्ह्यातलं. दोन्ही ठिकाणी वाकून काम करणारी माणसंही सारखीच निघाली.

इंग्रज यायच्या कित्येक शतकं आधीपासून लोक इथे सोनं काढत होते. त्यांच्या जुन्या खोदकामांच्या खुणा नंतरच्या इंजिनिअरांना सापडल्या. 1802 मध्ये जॉन वॉरन नावाचा लेफ्टनंट सीमा मोजायला आला. त्याने सोनं दाखवणाऱ्याला बक्षीस लावलं, तेव्हा गावकऱ्यांनी गाडीभर माती आणून त्याच्यासमोर धुतली आणि कण काढून दाखवले. पुढे 1870 च्या दशकात लॅव्हेल नावाच्या एका निवृत्त आयरिश सैनिकाने म्हैसूर संस्थानाकडून परवाना मिळवला. 1880 पासून लंडनच्या जॉन टेलर कंपनीने ताबा घेतला आणि खरी खाण सुरू झाली. इतिहासाच्या पुस्तकात इथे वॉरनचं नाव, लॅव्हेलचं नाव, टेलरचं नाव येतं. माती धुऊन दाखवणाऱ्यांचं एकही नाव येत नाही.

1902 मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रच्या धबधब्यातून वीज आणली, सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून. त्या काळी जगातल्या सर्वांत लांब वीजवाहिन्यांपैकी ती एक होती. बंगळुरू शहराला वीज मिळाली ती त्यानंतर तीन वर्षांनी. केजीएफच्या कौतुकात हे हमखास सांगितलं जातं, गुगलवर शोधलं तर पहिलं हेच येतं. 'छोटं इंग्लंड' म्हणतात त्याला, क्लब होता, बंगले होते, हवा थंड. पण वीज आली ती यंत्रांना आणि बंगल्यांना. खाणीत उतरणारी माणसं बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्यांत राहत होती.

ही माणसं कोण? तमिळ मुलखातल्या उत्तर अर्काट, सेलम, धर्मपुरी आणि शेजारच्या चित्तूर भागातली. बहुसंख्य परैयर, म्हणजे तिकडचे अस्पृश्य. गावात जमीन नाही, जमीनदाराची वेठ, वर दुष्काळ. खाणीत पैसा रोख मिळतो, हे कळल्यावर ती कुटुंबं चालत आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे जवळपास तीस हजार माणसं कामाला होती. आणि कामाची वाटणी बघा. वर यंत्रांवर आणि देखरेखीवर युरोपियन आणि अँग्लो-इंडियन, पहाऱ्याला पंजाबी, जमिनीवरच्या कामात इतर जातींची माणसं, आणि जमिनीखाली आपली माणसं. जातीची उतरंड कंपनीला तयार मिळाली, तिने तिला फक्त शाफ्ट जोडला.

चॅम्पियन रीफची खाण खाली जात जात तीन किलोमीटरच्या पलीकडे गेली. जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी एक. तळाला खडक साठ अंशांच्या वर तापलेला. वरच्या डोंगराएवढ्या वजनाने बाजूचा खडक अचानक बाँबसारखा फुटायचा आणि आतली माणसं गाडली जायची. बाहेर पडताना प्रत्येकाची अंगझडती, कारण सोनं चोरणारा नेहमी खालचाच असतो असं वरचे धरून चालतात.

1930 मध्ये कंपनीने सगळ्या कामगारांच्या बोटांचे ठसे घेऊन नोंद करायचं फर्मान काढलं. आपल्या फासेपारध्यांना विचारा, ठसे घेणं म्हणजे काय असतं. गुन्हेगार जमातीचा कायदा ज्यांच्या पाठीवर 1952 पर्यंत होता, ते आपल्याच अमरावती-अकोल्याच्या माळावर आहेत. कोलारच्या कामगारांनी ठसे द्यायला नकार दिला. सगळ्या खाणी बंद पडल्या आणि तीन आठवडे बंदच राहिल्या. मागणी काही पगारवाढीपुरती नव्हती. आम्ही गुन्हेगार नाही, एवढंच ते म्हणत होते. 4 नोव्हेंबर 1946 ला याच गावात पोलिसांच्या गोळीबारात सहा कामगार मारले गेले. त्यांचं स्मारक आहे. आम्ही तिथे गेलो तेव्हा एक शेळी सावलीला बसली होती, आणि शेजारी कुणीतरी ताजी फुलं ठेवून गेलं होतं.

ठसे नाकारायची हिंमत कुठून आली? युनियन तेव्हा नीट उभीही नव्हती. आम्हाला वाटतं ती पुस्तकातून आली, विहारातून आली. हे आमचं मत आहे, पण त्याला आधार आहे.

पंडित अयोथीदास, जन्म 1845, सिद्धवैद्य. 1898 मध्ये कर्नल ऑल्कॉटबरोबर ते सिलोनला गेले, बौद्ध झाले आणि मद्रासला त्यांनी शाक्य बौद्ध संघ काढला. त्यांचं म्हणणं होतं की परैयर हे मूळचे बौद्ध, आणि बौद्ध होते म्हणूनच त्यांना गावाबाहेर टाकलं. 1907 मध्ये त्यांनी एक पैशाचं साप्ताहिक काढलं, पुढे त्याचं नाव 'तमिळन' झालं. या संघाची एक अतिशय खमकी शाखा कोलारच्या मारिकुप्पममध्ये होती. खाणीतून वर आलेला माणूस आंघोळ करून कंदिलाच्या उजेडात 'तमिळन' वाचायचा, ज्याला वाचता येत नाही त्याला दुसरा वाचून दाखवायचा. लग्न, नामकरण, अंत्यविधी, सगळं ब्राह्मणाशिवाय. 1914 मध्ये अयोथीदास गेले, पण कोलारची मंडळी थांबली नाहीत. 1926 पासून अप्पादुराई यांनी 'तमिळन' कोलारहूनच पुन्हा चालवला. चॅम्पियन रीफला सिद्धार्थ नावाचा छापखाना होता, त्यातून बौद्ध पुस्तकं निघत. ज्या मजुरांना कंपनी अंगठाबहाद्दर समजून ठसे मागत होती, त्यांचा स्वतःचा छापखाना होता.

आता आपल्याकडे या. नोव्हेंबर 1927 मध्ये बाबासाहेब अमरावतीला आले होते, वऱ्हाडातल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून. विषय अंबादेवीच्या मंदिराचा होता. आपले आजे-पणजे त्या दारात माणूस म्हणून हक्क मागत होते, आणि ती लढाई मोठीच होती, तिला कमी लेखणाऱ्यांतले आम्ही नाही. पण त्याच वर्षांत कोलारचे खाण कामगार देवळाचं दार ठोठावणं सोडून स्वतःच्या विहारात बसले होते. आपल्याला ही गोष्ट ठाऊक असती तर आपण काय केलं असतं, यावर गाडीत आमचं रात्रभर भांडण झालं.

बाबासाहेबांना मात्र ठाऊक होतं. पी. लक्ष्मी नरसू हे मद्रासच्या याच बौद्ध चळवळीतले विद्वान. त्यांचं 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम' 1907 चं. बाबासाहेबांनी 1948 मध्ये प्रस्तावना लिहून ते पुन्हा छापून आणलं. आणि त्याच 1948 मध्ये बाबासाहेबांचं अस्पृश्यांच्या मुळाविषयीचं पुस्तक आलं, ज्यात त्यांनी मांडलं की अस्पृश्य हे मूळचे बौद्ध होते. तेच सूत्र, मद्रासमध्ये पन्नास वर्षं आधी उमटलेलं. खाणीही बाबासाहेबांना परक्या नव्हत्या. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना 1943 च्या डिसेंबरात ते धनबादच्या कोळसा खाणी बघायला गेले होते. आणि 1954 च्या जुलैत, दीक्षेच्या दोन वर्षं आधी, बाबासाहेब कोलारला येऊन गेले. आपल्या किती व्याख्यात्यांनी हे कधी सांगितलं?

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. खाणीत एकतीस वर्षं. आम्ही त्यांना 'अण्णा' म्हणू लागलो तर त्यांची नात हसली, म्हणाली, 'तात्ता' म्हणा, तात्ता म्हणजे आजोबा. आमचं मराठी-हिंदी, त्यांचं तमिळ, मधे नातीचं इंग्रजी. पण दारातून आत जाताना त्यांनी हात वर करून जे दोन शब्द उच्चारले त्यांना दुभाष्या लागला नाही. "जय भीम." आमच्यातल्या एकाचा गळा दाटून आला आणि तो चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकून राहिला.

भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध, आणि एक जुना फोटो. तो त्यांच्या आमदाराचा, सी. एम. अरुमुगम यांचा, आणि पक्ष रिपब्लिकन. आम्ही चाट पडलो. आमच्या अमरावतीच्या दादासाहेब गवईंचा जो पक्ष, तोच इथे निवडून येत होता. 2004 मध्येही केजीएफमधून एस. राजेंद्रन रिपब्लिकन पक्षाच्या नावावर निवडून आले. आपल्याकडे रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले याची मोजदाद आपण करत बसलो, आणि हजार किलोमीटरवर तमिळ बोलणारी माणसं ते नाव जपून होती.

तात्तांनी खाणीबद्दल फार सांगितलं नाही. पिंजऱ्यातून खाली जाताना कानात दडे बसायचे, एवढं म्हणाले. खाली काही शास्त्रज्ञ लोकही यायचे, हेही. ते खरं आहे, टाटा इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी याच खाणीत खोलवर उपकरणं लावली होती, आणि 1965 मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा इथेही पकडले गेले. मग त्यांनी एक पिवळं पाकीट काढलं. त्यात छातीचा एक्स-रे. नातीने तो खिडकीसमोर धरला. दोन्ही फुप्फुसांत साबुदाणा विखुरल्यासारखे ठिपके.

सिलिकोसिस. गारेची बारीक पूड फुप्फुसात बसते आणि ती पुन्हा निघत नाही. 1940 च्या दशकात इथल्या सात हजारांहून जास्त कामगारांची तपासणी झाली होती, तेव्हा शंभरातल्या चाळीसहून अधिक जणांना तो निघाला. म्हणजे कळलं नव्हतं असं कुणी म्हणू शकत नाही.

एक्स-रे बघताना अकोल्याचा आमचा मित्र एकदम गप्प झाला. त्याची आई जिल्ह्यातल्या एका जिनात वीस वर्षं कामाला होती. सरकीपासून रुई वेगळी होते तिथे, रेच्यांच्या समोर. हंगामात नाकातोंडाला लुगड्याचा पदर. रात्री खोकून खोकून अंथरुणात बसून राहायची, आणि विचारलं की म्हणायची, "काही नाही रे बाप्पा, रुई गेली नाकात." तिचा एक्स-रे कधीच काढला गेला नाही. जिनात रोजावर असलेल्या बाईच्या नावाचा कागदच नसतो, मग तपासणी कुणाची करणार? आम्ही सगळे त्या गल्लीत वाढलो, जिनाच्या भोंग्यावर शाळेत गेलो. सरकीच्या ढिगावर उड्या मारल्या. पण मोर्चा काढला तो नेहमी पुतळ्यासाठी, नामांतरासाठी, आरक्षणासाठी. ते सगळे मोर्चे बरोबरच होते. फक्त जिनाच्या फाटकावर आम्ही कधी गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी तात्तांची नात आम्हाला सायनाइडचे ढीग दाखवायला घेऊन गेली. खाणीतला खडक कुटून त्याचं पीठ करत, मग सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवून घेत, आणि उरलेला गाळ बाहेर टाकत. एकशे वीस वर्षं टाकला. गावाच्या कडेने असे तेरा ढीग आहेत, सुमारे सव्वातीन कोटी टन. लांबून सपाट डोक्याच्या टेकड्या वाटतात. जवळ गेलं की राखाडी-पिवळसर, पावसाने चिरा पडलेल्या, गवताची काडी नाही. पायाखाली मैद्यासारखं. वाऱ्याच्या महिन्यांत ही पूड उडून घरात येते, भांड्यांत बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. खाणीत कधीच न उतरलेल्या बायकापोरांच्या छातीतही जाते. 'केजीएफ'चं चित्रीकरण याच ढिगांवर झालं. पडद्यावर तो नराचीचा थरारक मुलूख होता, आणि आम्ही शिट्ट्या मारल्या होत्या.

ढिगांच्या पलीकडे मात्र निसर्ग परत यायला लागलाय. खाणीची हजारो एकर जमीन वीस-बावीस वर्षं पडीक आहे, तिथे गवत माजलंय, टिटव्या ओरडतात, आणि नात म्हणाली की पहाटे आलात तर काळवीट दिसतात. आम्हाला आपल्या कारंजा-सोहोळचे काळवीट आठवले. माणूस हटला की हरणं येतात हे बघून बरं वाटतं, पण ती माणसं स्वतःहून हटली नव्हती.

खाण 1956 मध्ये म्हैसूर सरकारकडे आली, 1962 मध्ये केंद्राकडे, 1972 मध्ये भारत गोल्ड माइन्स झाली. एव्हाना चांगलं सोनं लंडनला गेलं होतं. सुरुवातीला टनामागे चाळीसेक ग्रॅम सोनं निघायचं, शेवटी ते तीन-चार ग्रॅमवर आलं. 28 फेब्रुवारी 2001 ला खाण बंद झाली. साडेतीन हजारांच्या घरात कामगार घरी बसले. पंप थांबले तसं पाणी चढत गेलं आणि ते तीन किलोमीटरचे बोगदे बुडाले. एकशे वीस वर्षांत सुमारे आठशे टन सोनं निघालं होतं.

आता गोष्ट पुन्हा सुरू होते आहे, आणि म्हणून हा लेख. त्या ढिगांत अजून वीस-बावीस टन सोनं आहे असा अंदाज आहे. 2024 च्या जूनमध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने सुमारे हजार एकरांवरचे हे तेरा ढीग पुन्हा उपसायला संमती दिली. लिलाव होईल, कुणीतरी मोठी कंपनी येईल, ढीग पुन्हा उकरले जातील, पूड पुन्हा उडेल. त्या पुडीवर पहिला हक्क कुणाचा? ज्यांनी ती दळली, जे ती श्वासातून घेत आले, त्यांचा त्यात किती वाटा? ज्या खोल्यांत तीन पिढ्या राहिल्या त्या दहा बाय दहाच्या खोल्यांचा कागद त्यांच्या नावावर कधी होणार? आम्ही हे विचारलं तेव्हा तात्ता हसले. म्हणाले, सोनं निघेल तेव्हा आम्हाला बोलावतील, झाडायला.

दरम्यान पा. रंजित यांचा 'तंगलान' येऊन गेला. त्यात परैयर आहेत, बुद्धाचं शिर आहे, जमीन कुणाची हा प्रश्न आहे. सिनेमा म्हणून आमच्यात त्यावर दोन गट आहेत, एकाला तो फार गुंतागुंतीचा वाटला. पण त्यातला खाण कामगार मुका नाही. अमरावतीत तो किती दिवस चालला आणि 'केजीएफ' किती दिवस चालला, हे वाचकांनी आठवून बघावं.

एक प्रश्न उरतोच, आणि तो टाळणं बरोबर नाही. इतकी खमकी चळवळ पुढे ओसरली का? तात्तांच्या गल्लीतली निम्मी घरं आज ख्रिस्ती आहेत, काही पुन्हा मारीअम्मनकडे गेली, विहारात वंदनेला पंधरा-वीस माणसं. आम्हाला वाटतं, द्रविड राजकारणाच्या लाटेत ती विरघळली, आणि लाल बावट्याने कामगाराची भूक ओळखली पण त्याची जात बाजूला ठेवली. वर ती चळवळ खाणीच्या चार वस्त्यांपलीकडे खेड्यांत फार उतरली नाही. बाबासाहेबांनी 1956 मध्ये लाखोंना एका मैदानावर आणलं, म्हणून आपला धम्म खेड्यापाड्यात टिकला. पण टिकला म्हणजे काय, हेही तपासावं लागेल. कोलारच्या लोकांकडे छापखाना होता. आपल्याकडे डीजे आहे.

निघताना तात्तांनी एक पातळ पुस्तिका दाखवली. सिद्धार्थ छापखान्याची, त्यांच्या वडिलांची. पानं इतकी कुरकुरीत की उलटताना तुकडे पडत होते. मूळ त्यांनी दिली नाही, आणि ती आम्ही घेतलीही नसती. नातीने रॉबर्टसनपेठेत नेऊन तिची झेरॉक्स काढून दिली, बत्तीस पानं. ती सध्या अमरावतीच्या आमच्या विहाराच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत आहे. तमिळ आमच्यापैकी कुणालाच येत नाही. बडनेरा किंवा भुसावळच्या रेल्वे वसाहतीत कुणी तमिळ वाचणारे असतील, तर कृपया कळवा. रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही विहारात असतो. आणि अकोल्याच्या साथींनी जानेवारीपासून जिनात काम केलेल्या बायांची यादी करायला घेतली आहे. नाव, वय, किती हंगाम, खोकला कधीपासून. आतापर्यंत एकेचाळीस नावं झाली. पहिलं नाव मित्राच्या आईचं आहे.